कारणाचा रकाना

ज्या माणसाने मला ‘माहीत नाही’ एवढे दोन शब्द लिहायला शिकवले, त्याच्यावर मी सव्वा वर्ष रुसून होते. मी नागपूरची, आणि तेव्हा तेवीस वर्षांची, त्यामुळे रुसण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्यांच्यावर रुसले त्यांना याचा पत्ता होता की नाही, देव जाणे. ते आपले रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढत, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत आणि म्हणत, "सुरू करूया, अक्का?"

ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि मला अक्का म्हणत. आमच्या कारखान्यात बायका सगळ्या अक्का आणि पुरुष सगळे अण्णा. वयाचा संबंध नाही. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. कारखान्यातही ते कुणी वापरत नसे. अण्णा म्हणून हाक मारली की शेडमधले आठ जण वळून बघत, पण "ते अण्णा" म्हटलं की तेच.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. माझ्याबरोबर बेंगळूरला आलेल्या मुलामुलींना व्हाइटफील्डच्या नव्या काचेच्या इमारतींत नोकऱ्या लागल्या. मला लागली बोम्मसंद्र्याला, होसूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात. तिथे यंत्रांना लागणाऱ्या पोलादी पिना तयार होत, टाचणीएवढ्या बारीक ते मनगटाएवढ्या जाड. मालकांचा मेव्हणा अमेरिकेत होता. तो सुट्टीला आला आणि सांगून गेला की यापुढे ज्याची वेबसाइट नाही त्याला जगात कुत्रं विचारणार नाही. मालक धसकले आणि त्यांनी मला एका वर्षाच्या बोलीवर ठेवून घेतलं. मी दीड महिन्यात चार पानांची साइट केली. निळी जमीन, मधोमध गरागरा फिरणारी पिन आणि तळाला किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा.

पुढे माझं काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारचा वेळ जाईना म्हणून मी टपालाने आणि साइटवरून येणाऱ्या चौकश्यांना उत्तरं लिहायला घेतली. ट्रेमध्ये पंचवीस-तीस पत्रं पडली होती. मालक एक दिवस सगळ्यांना मिळून उत्तर सांगणार, अशी त्या पत्रांची आशा होती. मला ते बघवेना. आलेल्या पत्राला उत्तर नाही म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं, असं आमच्या घरी मानतात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. मला ते काम वाटतच नव्हतं.

मग एक दिवस मालकांनी स्वतः बसून शोधून बघितलं. तेव्हा दोन-तीन शोधयंत्रं जोरात होती. त्यांतल्या एकात पोलादी पिनांचे तीन इंग्रजी शब्द टाकले आणि आपला कारखाना कुठे येतो ते मोजत गेले. चौतिसावा आला. "माझ्या आधी तेहतीस जण?" ते इतक्या जोरात ओरडले की वॉचमन आत आला. त्या दिवसापासून त्यांना नंबराचं वेड लागलं. रोज सकाळी आकडा हवा, आणि तो माझ्याकडून नको. कारखान्याचा नियम होता की माल जो बनवतो तो तपासत नाही. साइट मी बनवलेली, तेव्हा तिचं माप दुसऱ्याने घ्यायचं. आणि माप म्हटलं की कारखान्यात एकच माणूस. तीस वर्षं पिनांची जाडी मोजलेले, तपासणी खात्यातले अण्णा. त्यांनी जन्मात संगणकाला हात लावला नव्हता, पण ही अडचण कुणाला वाटली नाही, त्यांना तर मुळीच नाही.

ते आले ते एक लांबट रजिस्टर, आलेखाचे कागद, पट्टी आणि एचबी पेन्सिल घेऊन. खिशात मायक्रोमीटर होताच, तो कशाला आणला विचारलं तर म्हणाले, "तो असला की हात शिस्तीत राहतो."

पहिला आठवडा त्यांनी काही मोजलं नाही, फक्त मोजायची रीत ठरवली. रोज नऊ-दहालाच मोडेम लावायचा. तेच शोधयंत्र, तेच तीन शब्द, त्याच क्रमाने. नंबर मी मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजायचा. मग साइट उघडून तळाचा आकडा घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, कारण तो एक म्हणजे आम्हीच. "आपण आपल्याच दुकानात डोकावलो म्हणून गिऱ्हाईक होत नाही, अक्का." मालक घरून, मेव्हणा अमेरिकेतून आणि मी दिवसातून दहा वेळा साइट उघडत होतो, हे कळल्यावर त्यांनी तिघांना हजेरी लिहायला लावली. महिन्याअखेर वजाबाकी झाली तेव्हा आमच्या जगप्रसिद्ध साइटवर रोज सरासरी चौघं येत होते, असं निघालं. मालक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आलेखावर नंबराची एक रेघ, येणाऱ्यांची दुसरी. शेजारी रजिस्टरमध्ये तारीख, नंबर, किती आले, आणि शेवटी एक रुंद रकाना: कारण. अण्णा कन्नड शाळेत शिकलेले, म्हणून लिहिणं सगळं कन्नडमध्ये. मला ती अक्षरं ताटात मांडलेल्या चकल्यांसारखी दिसत. मी नुकती कुठे बसच्या पाट्यांवरून एकेक अक्षर लावायला लागले होते. पण त्या शेवटच्या रकान्यातला शब्द मला आठवड्याभरात आकारावरून ओळखू यायला लागला, कारण तो रोज तोच असे. गोत्तिल्ला. माहीत नाही.

मालक साडेनऊला येत, उभ्या उभ्या रजिस्टर बघत आणि विचारत, "याके?" म्हणजे का. वीसवरून बावीस का? बावीसवरून एकोणीस का?

"गोत्तिल्ला, सार."

एकदा मालकांचा तोल गेला. तुम्हाला पगार देऊन मी ‘माहीत नाही’ लिहून घेतो की काय, म्हणाले. अण्णा शांतपणे म्हणाले, "माहीत आहे असं सांगणारी माणसं कारखान्यात पुष्कळ आहेत, सार. त्यांचे पगार जास्त आहेत."

हे ऐकून मी हसू दाबायला मोडेमची वायर सरळ करायला लागले.

त्यांच्या बोलण्याचा सगळा थाट या एका शब्दावर उभा होता. त्यांचं घराणं शिंप्यांचं, राहायला बळेपेटेत, आणि मराठी घरात टिकवून ठेवलेली, तिला कन्नडची झालर लावलेली. मी एकदा विचारलं, तुमचे लोक मूळचे कुठले? म्हणाले, "घरात सांगतात, फौजेबरोबर तंबू शिवायला आले. साताऱ्याहून की कुठून. पुरावा म्हणून एक टिंब नाही. गोत्तिल्ला लिहा." आलेखावरच्या प्रत्येक बिंदूला ते टिंब म्हणत. एका टिंबावर बोलायचं नाही, दोनावर नाही. सात टिंबं ओळीने सरासरीच्या रेघेच्या एका बाजूला पडली तर तोंड उघडायचं, तोवर ‘सुम्ने इरी’, म्हणजे गप राहा, हात लावू नका.

मला हे पटत नव्हतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतंच, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी कँटीनमध्ये खिशातून एक पिन काढली, मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि तीच पिन दहा वेळा मोजायला सांगितली. दहांपैकी सहाच मापं जुळली. चारांत शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला.

"पिन तीच. हात तोच. मग हललं काय?"

"मीच नीट धरलं नसेल."

"दहाही वेळा नीटच धरलंत. मी बघत होतो." त्यांनी पिन परत खिशात टाकली. "जगात एवढं हलतंच, अक्का. त्याला कारण नसतं. म्हणजे इतकी बारकी हजार कारणं असतात की एकाला धरून आणता येत नाही. आणि आपण काय करतो? हललं की कुणाला तरी धरून आणतो."

त्यांनी हे शास्त्र घरीही लावलं होतं. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले तर स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी एक आलेख टांगलेला. दूध उतू जाण्याचा. काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून दूध उतू गेलं की सासूबाई मला बोलायच्या. यांनी दोन वर्षं टिंबं मांडली आणि आईला दाखवलं की घरात कुणीही असो, महिन्याला तीन-चारदा जातंच. त्यानंतर सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं नाही." काकूंच्या आवाजात जो अभिमान होता तो मी पुढे कुठल्याच बाईच्या आवाजात नवऱ्याच्या विज्ञानाविषयी ऐकला नाही. आलेखात एका महिन्याचं टिंब मात्र रेघेबाहेर गेलेलं होतं, नऊवर. त्यापुढे अण्णांनी कारण लिहिलं होतं: घरी फोन आला. नवा फोन, लेक सासरहून रोज बोलायची.

"कारण सापडलं की लिहायचं," अण्णा म्हणाले. "सापडलेलं कारण लपवणं हाही लबाडपणाच."

हे सगळं मौजेचं होतं, पण माझ्यासाठी एक गोष्ट मौजेची नव्हती. बाबांनी मला वर्षाची मुदत दिली होती. नोकरी कायम झाली तर राहा बेंगळूरला. नाही झाली तर नागपूरला ये, दोन स्थळं सांगून आली आहेत. स्थळं वाईट नव्हती म्हणे. पण मला माझी विल्सन गार्डनची खोली, सकाळची कारखान्याची बस, दर्शिनी हॉटेलातली उभ्याने प्यायची कॉफी, हे सगळं हवं होतं, आणि किती हवं होतं हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. म्हणून कायम होण्याचं पत्र हवं होतं. मी धीर करून मालकांना विचारलं. ते माझ्याशी हिंदीत बोलत.

"पहला पन्ना," ते म्हणाले. "आयुधपूजा के दिन तक पहले पन्ने पर आना चाहिए. आया तो लेटर. नहीं आया तो वेबसाइट का खर्चा बंद."

पहिल्या पानावर दहा नावं येत. आम्ही तेव्हा अठरा-वीसच्या आसपास डुलत होतो. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चार महिने होते.

ते चार महिने मालकांनी साइटला क्षणभर स्वस्थ बसू दिलं नाही. नंबर दोनने घसरला की निळ्याचा हिरवा करा. तीनने चढला की हिरवाच ठेवा, पण फिरणारी पिन मोठी करा. कुणीतरी सांगितलं म्हणून पानाच्या तळाशी ‘पिन’ हा शब्द चाळीस वेळा, हिरव्यावर हिरव्या अक्षरांत लिहवून घेतला. यंत्राला दिसेल, माणसाला नाही. दोन दिवस वर गेलो, तिसऱ्या दिवशी तिसाव्या नंबरावर. मग वास्तुवाला आला. त्याने टेबल ईशान्येकडे फिरवायला सांगितलं. मोडेमची वायर पुरेना म्हणून टेलिफोनची लाइन खिडकीबाहेरून ओढली आणि मी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून बसू लागले. दुसऱ्या सकाळी नंबर चारने वर! मालक केबिनमधून पळत आले. "नोडी, अण्णा! बघा! आता तरी कारण लिहा."

अण्णांनी टिंब मांडलं. "एक टिंब, सार," म्हणाले, आणि नेहमीचा शब्द लिहिला.

खरं सांगायचं तर तेव्हा मीही मालकांच्या बाजूची होते. चढलं की मला माझी हुशारी दिसायची आणि उतरलं की मोडेम. अण्णांचं एकच पालुपद: हात काढा, मशीन स्थिर होऊ द्या, सारखी खिटी पिळाल तर पिन बिघडते. शेवटी मालकच थकले, का त्यांच्या मुलीची परीक्षा आली, कोण जाणे. महिनाभर कुणी साइटला हात लावला नाही. नंबर हळूहळू चढला. सोळा, चौदा, पंधरा, तेरा, बारा. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी मोजलं आणि अण्णांनी बोट ठेवून पुन्हा मोजलं.

अकरा.

अकरावा म्हणजे दुसऱ्या पानावरचा पहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा पेन्सिलीला टोक काढत बसले.

आयुधपूजेला बेंगळूरकडे कारखाने सजतात ते बघण्यासारखं असतं. लेथला केळीचे खांब, ड्रिलला झेंडूची माळ, मालकांच्या गाडीच्या चाकांखाली लिंबं, फाटकात कुंकू भरून फोडलेला कोहळा. आमच्या संगणकालाही हळदकुंकवाची बोटं ओढली होती आणि मोडेमवर शेवंतीचं फूल. एका ताटात लाल कापडावर अण्णांचा मायक्रोमीटर, पट्टी आणि ती एचबी पेन्सिल ठेवली होती. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. वर्षभर आपण त्याच्याकडून काम घेतो, एक दिवस त्याला नमस्कार करायचा आणि हात लावायचा नाही. संध्याकाळी मालक सगळ्यांना चुरमुऱ्याची पुडी, मिठाई आणि ज्याचं असेल त्याला पत्र देणार होते.

सगळे पंगतीला बसले तेव्हा मी संगणकाच्या खोलीत शिरले. फूल बाजूला ठेवलं, मोडेम लावला. तो नेहमीसारखा किंचाळला. तीन शब्द टाकले. कुंकवाच्या बोटाआडून यादी उमटली. मी मोजलं, पुन्हा मोजलं, पडद्यावर बोट ठेवून तिसऱ्यांदा मोजलं.

नऊ!

मी पंगतीत धावत गेले. अण्णा पानावर होते. "अण्णा, नऊ आला. चला, लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटाला लागलेल्या कुंकवाकडे. "आज माप नाही, अक्का. आज पेन्सिल पूजेत आहे."

"मी बघितलंय ना!"

"तुम्ही बघितलंत. खोटं कोण म्हणतं? पण वेळ नऊ-दहाची नाही, दुसऱ्याने मोजलेलं नाही, आणि आज हत्यारं विश्रांतीत आहेत. हे माप होत नाही."

एवढ्यात मालक आले. "अण्णा, नंबर?"

"काल अकरा, सार. आज माप नाही."

मी मध्येच ओरडले, "नौ है सर, मैंने अभी देखा!"

मालकांचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला. "मशीन चालू किया? आज?" त्यांना खात्री करून घ्यायची होती, पण पूजेतल्या यंत्राला हात लावायची छाती नव्हती. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी फक्त ‘हो’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. अण्णा म्हणाले, "ती खोटं बोलणारी मुलगी नाही. पण तक्त्यावर नऊ नाही."

मला चुरमुऱ्याची पुडी मिळाली, पत्र मिळालं नाही. मी बससाठी उभी होते तेव्हा ते शेजारी येऊन थांबले. म्हणाले, "अक्का, नऊवर नोकरी टेकवलीत तर परवा बारा आल्यावर कुठं टेकणार?" बस आली तशी मी चढले. माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि या माणसाला पेन्सिलीची विश्रांती सुचते, एवढंच मला कळत होतं. त्या बसमध्ये मी त्यांचा जितका राग केला तितका पुढे नवऱ्याचाही केला नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून कारखाना उघडला. नऊ-दहाला आम्ही न बोलता माप घेतलं. बारा. साडेनऊला मालकांनी अण्णांना रजिस्टर घेऊन केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मला दोघांची डोकी रजिस्टरवर वाकलेली दिसत होती. अण्णा पट्टीने काहीतरी दाखवत होते, मालक विचारत होते, अण्णा मान हलवत होते. माझ्या नऊ नंबराविरुद्ध साक्ष चालली आहे, हे समजायला मला कन्नड येण्याची गरज नव्हती. अर्ध्या तासाने अण्णा बाहेर आले आणि खाली मान घालून तपासणी खात्यात निघून गेले. मालकांनी मला बोलावलं आणि टेबलावरून एक पाकीट पुढे सरकवलं.

कायम. आजपासून.

मी रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर धावत गेले आणि बाबांना फोन लावला. "नववा नंबर आला बाबा, म्हणून कायम केलं!" पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला मी हीच गोष्ट सांगत होते. मालकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ज्याच्याकडे जेवून आले त्याने ठेवला नाही. मी अण्णांना डब्यातली चटणी द्यायची बंद केली. मराठीत बोलायची बंद केली. "फोर्टीन, अण्णा," "थर्टीन, अण्णा," एवढंच. रविवारी काकूंनी बोलावलं की मला काम असे. माझ्या रुसव्याचा त्यांनी आलेख काढला नाही, एवढंच नशीब. ते रोज येत, चष्मा पुसत, सुरू करूया म्हणत. चढलं तरी गोत्तिल्ला, पडलं तरी गोत्तिल्ला.

पुढल्या वर्षाच्या शेवटी ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, स्टीलची समई, सगळं रीतसर. मालकांनी भाषणात सांगितलं की या माणसाने मला कधी खूश केलं नाही. लोक हसले, मालक हसत नव्हते, हे मी तेव्हा बघितलं पण त्याचा अर्थ लावला नाही. जाताना अण्णांनी रजिस्टर आणि आलेखांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. "आता मोजणं तुमच्याकडे. रीत बदलू नका." मी बरं म्हटलं. ते जरा थांबले, मग बसकडे गेले.

दोन दिवसांनी, पुढच्या महिन्याच्या ओळी आखायच्या म्हणून मी रजिस्टर चाळत होते. पानोपानी तोच एक शब्द, खालपासून वरपर्यंत, एकाच आकाराचा. आयुधपूजेच्या तारखेला ओळ कोरी. आणि त्यानंतरच्या पानाला आतून चिकटवलेला, दुमडलेला आलेखाचा एक कागद, मी कधी न पाहिलेला.

तो नंबराचा नव्हता. डावीकडे टिंबं वर होती, तीस, चाळीस, पस्तीस, एकेचाळीस. मग एका जागी ती कड्यावरून पडावीत तशी खाली आली होती आणि पुढे शेवटपर्यंत एक, दोन, एक, दोन. वर कन्नडमध्ये शीर्षक. मी अक्षर अक्षर लावत गेले, बसची पाटी वाचतात तशी. पत्र आल्यापासून उत्तर जाईपर्यंत दिवस. आवक-जावकचे शिक्के बघून त्यांनी एकेक पत्र मांडलं होतं, माझ्या येण्याआधीचंही. रेघेच्या खाली ओळीने सात टिंबं नव्हती, सत्तर असतील. मालकांनी तिथे लाल पेनने सही केली होती. तारीख मला कायम केल्याच्या पत्राची होती.

सहीशेजारी कारणाचा रकाना. सगळ्या रजिस्टरमध्ये तेवढ्या एका जागी तो ओळखीचा लांब शब्द नव्हता. दोनच अक्षरं होती, दुसऱ्याच्या पायाशी त्याचंच छोटं पिल्लू. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

अक्क.

मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"अण्णा," मी म्हटलं, आणि पुढे मराठी, इंग्रजी, हिंदी, काहीच सुचेना. "तो पत्रांचा कागद... मालकांना तुम्ही तो दाखवलात? त्यावरून कायम केलं मला? आणि मी जगभर नऊ, नऊ करत फिरले. मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं, अक्का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. "तुम्हाला कारण माहीत होतं की."

मी रडायला लागले. चुकलं माझं, म्हटलं. सव्वा वर्ष चुकलं. ते घाईने म्हणाले, "सरी, सरी, बरं, ठेवा आता. मी दूध ठेवलंय गॅसवर... अय्यो! गेलंच बघा." आतून काकूंचा आवाज आला. अण्णा म्हणाले, "असू दे. आजचं कारण लिहिता येईल."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी मोडेम लावला. तपासणी खात्यातल्या एका मुलीला शेजारी बसवून घेतलं. मी मोठ्याने मोजलं, तिने पडद्यावर बोट ठेवून मोजलं. अठरा. अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी अकरा होता. मालक दारात येऊन उभे होते. "याके?"

मी पेन्सिल उचलली. हात ‘अण्णा नाहीत’ असं लिहायला निघाला होता, आणि ते खरं आहे अशी माझी शपथेवर सांगण्याइतकी खात्री होती. मग मी तो लांब शब्द कन्नडमध्ये, एकेक अक्षर वरच्या ओळीत बघून, रकान्यात उतरवला.